मेंदूत पसरलेला कर्करोग आणि नेमका किरणोपचार : हितचिंतक व कुटुंबीयांसाठी काही माहिती



वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके आणि रुग्णसंख्येचे तक्ते यांच्या जोडीला एखाद्या आजाराची वा उपचाराची माहिती सोप्या भाषेत द्यावी, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा आम्ही निवडलेला विषय म्हणजे शरीराच्या अन्य भागातून मेंदूत पसरलेला कर्करोग आणि त्यावरील नेमका किरणोपचार, अर्थात स्टीरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. या उपचारासाठी आपल्या रुग्णांना मोठ्या शहरातील केंद्राकडे पाठवावे लागते, आणि त्या वेळी कुटुंबीय गोंधळलेल्या मनःस्थितीत आमच्या कार्यालयात येतात. दुसरे असे की, "हे यंत्र आपल्याकडे का नाही? त्यासाठी आम्ही देणगी देऊ," अशी विचारणा हितचिंतकांकडून आस्थेने होत असते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, हे या लेखातून स्पष्ट व्हावे, अशी अपेक्षा आहे. आम्ही प्रशासनाचे काम करणारी माणसे आहोत. प्रत्यक्ष उपचाराचा निर्णय हा सर्वस्वी तज्ज्ञ डॉक्टरांचा असतो, ही गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी.

आजाराचे स्वरूप

मेंदूत आढळणारी कर्करोगाची प्रत्येक गाठ मेंदूतच जन्मलेली असते असे नाही. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचेतील मेलॅनोमा यांसारख्या कर्करोगांच्या पेशी रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात व तेथे रुजतात. अशा गाठींना दुय्यम गाठी म्हणतात. म्हणून स्तनाच्या कर्करोगाची मेंदूतील गाठ ही मुळात स्तनाच्याच कर्करोगाची असते, निराळा आजार नव्हे.

समजा, एखाद्या गृहिणीचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार तीन वर्षांपूर्वी पूर्ण झाले आहेत. घरातील सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आहे. अशात पहाटे डोके दुखू लागते, उलटी होते, बोलताना नेमका शब्द आठवत नाही, हातातील भांडे निसटते किंवा एकाएकी आकडी येते. एमआरआय तपासणीत मेंदूत दोन लहान गाठी दिसतात. अशा वेळी कुटुंबाचा पहिला समज असा होतो की, आता सारे संपले. एकेकाळी हा समज फारसा चुकीचा नव्हता. आज मात्र परिस्थिती बरीच बदलली आहे.

मेंदूतील गाठींवर उपचार करणे कठीण जाते, कारण निसर्गाने मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक प्रकारची तटबंदी घातलेली आहे. रक्तातील अपायकारक द्रव्ये त्यामुळे मेंदूत सहज शिरत नाहीत, पण कर्करोगावरील अनेक औषधेही त्याच तटबंदीशी अडतात. ही तटबंदी ओलांडणाऱ्या काही गोळ्या आता उपलब्ध झाल्या असून फुप्फुसाच्या विशिष्ट कर्करोगांत त्यांचा चांगला उपयोग होतो. तथापि किरणोपचाराचे महत्त्व अजूनही कायम आहे.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

आपल्याकडे किरणोपचारास बोलीभाषेत 'लाइट देणे' किंवा 'शेक देणे' म्हणतात. पूर्वी मेंदूत गाठी आढळल्या की बहुधा संपूर्ण मेंदूलाच किरण दिले जात. त्याचा सर्वपरिचित क्रम म्हणजे सुमारे दोन आठवड्यांत १० वेळा मिळून ३० ग्रे इतकी मात्रा. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक आहे. या पद्धतीत दिसणाऱ्या गाठींबरोबर न दिसणाऱ्या सूक्ष्म पेशींवरही किरण पडतात, हा तिचा लाभ. मात्र निरोगी मेंदूही त्याच किरणांखाली येतो, हा तिचा तोटा. अनेक गाठी असलेल्या काही रुग्णांत ही पद्धत आजही वापरली जाते.

नेमक्या किरणोपचाराची कल्पना स्वीडनमधील मेंदूशल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडली. कवटी न उघडता, बाहेरूनच अनेक दिशांनी किरण सोडून ते मेंदूतील एका बिंदूवर एकत्र आणावेत, असा त्यांचा विचार होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे त्यांचे पहिले गॅमा नाइफ यंत्र कार्यान्वित झाले. भारतात १९९७ मध्ये मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीची एम्स येथे ही सोय सुरू झाली.

हे तत्त्व समजण्यास आषाढी वारीचे उदाहरण पुरेसे आहे. चारी दिशांच्या गावांतून दिंड्या निघतात. वाटेवरच्या एखाद्या खेड्यातून एक लहानशी दिंडी जाते, तेव्हा त्या खेड्याच्या व्यवहारात फारसा खंड पडत नाही. मात्र त्या सर्व दिंड्या पंढरपुरात एकत्र येतात, तेव्हा तेथे पाय ठेवायला जागा उरत नाही. गॅमा नाइफमध्ये सुमारे २०० सूक्ष्म किरण निरनिराळ्या मार्गांनी मेंदूत शिरतात. प्रत्येक किरण सौम्य असल्याने वाटेवरील मेंदूस फारशी इजा होत नाही, पण जेथे ते सर्व एकवटतात तेथे गाठीच्या पेशी जगू शकत नाहीत. नावात 'नाइफ' असले तरी यात सुरी नाही, टाके नाहीत व रक्तस्रावही नाही. अमेरिकेत लेक्सेल यांचेच एक शिष्य जॉन अॅडलर यांनी पुढे विकसित केलेले सायबरनाइफ यंत्र किरणांचा स्रोत यांत्रिक हातावर फिरवून हेच साधते. आवश्यक जोडसामग्री व प्रशिक्षित कर्मचारी असल्यास आधुनिक लिनिअर अॅक्सिलरेटरवरही हा उपचार उत्तम प्रकारे करता येतो.

उपचाराच्या दिवशी काय होते

कुटुंबीयांच्या मनातील भीती दूर व्हावी यासाठी उपचाराचा क्रम थोडक्यात देत आहोत. प्रथम बारीक छेदांचा एमआरआय व सीटी स्कॅन काढला जातो. डोके तसूभरही हलू नये म्हणून, भूल देणारे औषध त्या जागी टोचून, डोक्याला चार ठिकाणी टेकणारी एक चौकट बसवली जाते. काही यंत्रांवर चौकटीऐवजी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा वापरतात. त्यानंतर डॉक्टर व भौतिकतज्ज्ञ संगणकावर किरणांची दिशा आणि मात्रा ठरवतात. यात मिलिमीटरचाही फरक महत्त्वाचा असल्याने या कामास वेळ लागतो. प्रत्यक्ष किरण देताना रुग्ण जागा असतो. त्यास वेदना होत नाहीत, 'शॉक' बसत नाही. गाठींची संख्या व आकार यांनुसार काही मिनिटांपासून काही तास लागतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. मोठ्या गाठींसाठी हीच मात्रा तीन ते पाच दिवसांत विभागून देतात.

उपचारानंतर रुग्णाच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. त्याने नातवंडांना मांडीवर घेण्यास काहीही हरकत नाही.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. गाठ जितकी मोठी, तितकी एका वेळी सुरक्षितपणे देता येणारी मात्रा कमी होते. अमेरिकेत झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीस कमाल २४ ग्रे, २ ते ३ सेंटिमीटरच्या गाठीस १८ ग्रे, तर ३ ते ४ सेंटिमीटरच्या गाठीस १५ ग्रे अशी मर्यादा ठरली. म्हणजे गाठ लहान असतानाच सापडली तर तिच्यावर पुरेसा घाव घालता येतो. उशिरा सापडली तर हात आखडता घ्यावा लागतो. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

स्मरणशक्तीचे मोल

केवळ नेमका किरण पुरेसा आहे, की त्याच्या जोडीला संपूर्ण मेंदूसही किरण द्यावेत, हा प्रश्न डॉक्टरांपुढे अनेक वर्षे होता. २००६ साली जपानमधील १३२ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, जोडीने किरण दिल्यामुळे रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. २००९ साली अमेरिकेतील ५८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांना १२ शब्दांची यादी ऐकवून ती लगेच व नंतर पुन्हा सांगावयास लावत. चार महिन्यांनंतर, ज्यांना दोन्ही उपचार मिळाले होते त्यांच्यापैकी ५२ टक्के रुग्णांत शिकण्याची व आठवण्याची क्षमता लक्षणीय घटण्याची शक्यता आढळली. केवळ नेमका किरण मिळालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. फरक इतका ठळक होता की तो अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. २०१६ साली २१३ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासातही हीच दिशा दिसून आली.

बारा शब्दांची यादी ही परीक्षागृहातील गोष्ट झाली. घरात तिचा अर्थ वेगळा असतो. सकाळची गोळी घेतली की नाही, गॅस बंद केला का, धाकट्या सुनेचे नाव काय, दुकानाच्या वहीत कोणाची उधारी बाकी आहे, हे आठवणे म्हणजेच स्वतःच्या घरात स्वतःच्या जागी असणे. आयुष्याचे महिने मोजकेच असतील, तर ते ओळखीच्या माणसांत, ओळख कायम ठेवून जगता यावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. मोजक्या गाठी असलेल्या रुग्णांत आज प्रथम नेमक्या किरणाचा विचार होतो, तो मुख्यत्वे याच कारणासाठी. गाठींच्या संख्येची मर्यादाही सैल झाली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील ११९४ रुग्णांच्या अभ्यासात ५ ते १० गाठी असलेल्यांचे आयुर्मान २ ते ४ गाठी असलेल्यांपेक्षा कमी आढळले नाही.

या लाभाची दुसरी बाजू

व्यवहाराचा नियम असा की, प्रत्येक जमेच्या समोर नावे टाकावे लागते. नेमका किरण दिसणाऱ्या गाठीवरच पडतो. आज न दिसणाऱ्या पेशी तशाच राहतात आणि काही महिन्यांनी अन्यत्र नवी गाठ धरू शकतात. युरोपातील ३५९ रुग्णांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रेडिओसर्जरीनंतर संपूर्ण मेंदूस किरण न दिलेल्या रुग्णांपैकी ४८ टक्क्यांत दोन वर्षांत नव्या जागी गाठ आढळली. संपूर्ण मेंदूस किरण दिलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते.

असे असूनही दोन्ही गटांचे आयुर्मान जवळपास सारखेच राहिले. असे होऊ शकते, याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे अशा अभ्यासांतील रुग्णांची ठरावीक अंतराने तपासणी होत असते. नवी गाठ लहान असतानाच सापडते आणि तिच्यावर पुन्हा उपचार करता येतो. म्हणूनच उपचारानंतर पहिली एक-दोन वर्षे दर दोन ते तीन महिन्यांनी एमआरआय करण्याचा सल्ला दिला जातो. संपूर्ण मेंदूस किरण न देण्याचा निर्णय या तपासण्यांच्या भरवशावरच घेतलेला असतो. तपासण्या चुकल्या तर तो भरवसा पोकळ ठरतो.

आमच्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. रुग्णास बरे वाटू लागते. डोकेदुखी थांबते. सोयाबीनची काढणी तोंडावर येते. तालुक्याहून येण्याचे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, एमआरआयचे शुल्क आणि एका रात्रीचा मुक्काम यांचा हिशेब मांडला की 'पुढच्या महिन्यात जाऊ' असे ठरते. यात कुटुंबाचा निष्काळजीपणा नसतो, त्यांच्या हाती पैसाच नसतो. मात्र १ सेंटिमीटरची गाठ तेवढ्या काळात ३ सेंटिमीटरची होऊ शकते, आणि वर सांगितल्याप्रमाणे मग मात्रा कमी करावी लागते.

कोणास हा उपचार उपयोगी नाही

हा उपचार सर्वांसाठी नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मोठी गाठ आजूबाजूस दाब देत असेल तर प्रथम शस्त्रक्रिया लागते व नंतर त्या पोकळीस किरण देतात. कर्करोग मेंदूच्या आवरणात सर्वदूर पसरला असेल, किंवा शरीरातील मूळ आजार आटोक्याबाहेर जाऊन रुग्ण अंथरुणास खिळला असेल, तर नेमक्या किरणाचा लाभ मर्यादित राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ५३८ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया वा रेडिओसर्जरी ज्यांना योग्य नव्हती, अशा या रुग्णांत संपूर्ण मेंदूस किरण देऊनही मध्यमान आयुर्मान ९.२ आठवडे, तर किरण न देता केवळ औषधे व शुश्रूषा मिळालेल्यांत ८.५ आठवडे होते. हा फरक नगण्य ठरला.

अशा वेळी डॉक्टर 'किरण नकोत' म्हणाले, तर त्याचा अर्थ 'आता काहीच करू नये' असा घेऊ नये. वेदनाशमन, सूज कमी करणारी औषधे, आकडीवरील औषधे आणि घरी मिळणारी शुश्रूषा हेही उपचारच आहेत. जमीन वा दागिने विकून दूरच्या शहरात धाव घेण्यापूर्वी, "या उपचाराने नेमके काय साधेल?" हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

मेंदूची सूज उतरविण्यासाठी डेक्सामेथासोन हे औषध देतात. ते मनाने एकाएकी बंद करू नये. त्याने रक्तातील साखर वाढू शकते, तेव्हा मधुमेही रुग्णांनी विशेष लक्ष द्यावे. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाहन चालवू नये. उपचारानंतर काही महिन्यांनी गाठीच्या जागी मृत ऊतींमुळे सूज दिसू शकते व एमआरआयमध्ये ती गाठ वाढल्यासारखी भासते. तेव्हा लगेच धीर सोडू नये, तज्ज्ञ पुढील तपासण्यांनी खात्री करून घेतात. जुने सर्व एमआरआय व उपचाराचा तपशील एका पिशवीत जपून ठेवावा व प्रत्येक भेटीस सोबत आणावा. जुन्या चित्राशी तुलना केल्याविना नव्या चित्राचा अर्थ लागत नाही. कर्करोगाच्या रुग्णांस रेल्वे व एस.टी. प्रवासात सवलत मिळते. आवश्यक दाखल्यासाठी आमच्या कार्यालयात भेटावे. शासकीय योजनेत कोणता उपचार बसतो याची चौकशी आरोग्यमित्रांकडे, खर्च करण्यापूर्वीच करावी.

यंत्राचा हिशेब आणि देणगीचा विनियोग

आता हितचिंतकांच्या प्रश्नाकडे वळतो. गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य असते आणि त्याची शक्ती सुमारे ५.२७ वर्षांत निम्मी होते. म्हणजे आज २० मिनिटांत होणाऱ्या उपचारास तेव्हा ४० मिनिटे लागतात, आणि पुढे स्रोत बदलण्याचा मोठा खर्च येतो. यंत्र रोज चालो वा बंद राहो, हा घसारा थांबत नाही. याखेरीज अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, किरण अडविणाऱ्या जाड भिंतींची खोली, भौतिकतज्ज्ञ, किरणसुरक्षा अधिकारी आणि अनुभवी डॉक्टरांचा चमू लागतो. पुरेशी रुग्णसंख्या नसलेल्या ठिकाणी असे यंत्र बसविले, तर ना यंत्राचा पूर्ण वापर होतो, ना चमूचा हात बसतो. म्हणून किरण देण्यासाठी रुग्णास अनुभवी केंद्राकडे पाठविणे आणि त्यापूर्वीची व त्यानंतरची सर्व जबाबदारी आपण येथे घेणे, हीच व्यवस्था आम्हास आजच्या घडीला योग्य वाटते.

ही नंतरची जबाबदारी खर्चाची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्यातून रुग्णालयाचे बिल भागते. परंतु गावाहून येण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, तारीख चुकलेल्या रुग्णास दूरध्वनी करून बोलावणारा कार्यकर्ता, यांपैकी काहीही बिलात येत नाही.

यंत्रास देणगी दिली की त्यावर नामफलक लागतो, आणि तशी इच्छा असण्यात काही गैर नाही. दर तीन महिन्यांच्या एमआरआयवर मात्र फलक लावता येत नाही. आवर्ती खर्चाला दाता मिळणे नेहमीच कठीण असते, हा आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. तरीही या आजारात एक उपचार यशस्वी होणे न होणे, हे पुष्कळदा अशा लहान खर्चावर अवलंबून असते. फेरतपासणीसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव म्हणूनच आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. एका रुग्णाच्या एका वर्षाच्या तपासण्या, प्रवास व मुक्काम यांची जबाबदारी एका दात्याने किंवा चार स्नेह्यांनी मिळून घ्यावी, अशी त्यामागील कल्पना आहे. प्रत्येक रुपयाचा हिशेब नेहमीप्रमाणे लेखापरीक्षित पत्रकात आपणांसमोर येईल.

रुग्णांच्या कुटुंबीयांस आमची एकच विनंती आहे. बरे वाटत असले तरी दिलेल्या तारखेस अवश्य यावे. पैशाअभावी येणे जमत नसेल, तर न येता राहू नये, तसे आम्हास कळवावे. आपली अडचण आमच्यापर्यंत पोहोचली, तर तिच्यावर मार्ग काढण्यासाठीच ही संस्था आणि तिच्या पाठीशी उभे असलेले सर्व दाते आहेत.